संकेतपृष्ठाचे शीर्षक
संकेतपृष्ठाचे शीर्षक म्हणजे एचटीएमएल दस्तऐवजाच्या शीर्षभागात लिहिलेली, त्या पृष्ठाचा विषय सांगणारी ओळ होय. वेब विकासकांच्या व्यवहारात तिला 'टायटल टॅग' म्हणतात. ही ओळ पृष्ठाच्या मजकुरात दिसत नाही. ती ब्राउझरच्या टॅबवर, वाचनखुणांच्या यादीत आणि मुख्यतः शोधयंत्राच्या निकालांत दुव्याच्या रूपाने दिसते. पृष्ठाच्या आत मोठ्या अक्षरांत दिसणारा मथळा हा निराळा घटक आहे; दोहोंत वारंवार गल्लत होते. अनोळखी वाचक पृष्ठ उघडण्यापूर्वी बहुधा ही एकच ओळ वाचून निर्णय घेत असल्याने शोधयंत्र अनुकूलनात, म्हणजे एसईओमध्ये, तिला मोठे महत्त्व आहे.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये केलेल्या एचटीएमएलच्या प्रारंभिक वर्णनातही शीर्षकाचा टॅग आढळतो. १९९५ च्या एचटीएमएल २.० या मानकाने प्रत्येक दस्तऐवजाला शीर्षक आवश्यक ठरवले आणि ते ६४ वर्णांहून लहान असावे असे सुचवले. नुसते 'प्रस्तावना' असे शीर्षक संदर्भाबाहेर निरर्थक ठरू शकते, असा इशाराही त्यात होता. 'होम', 'मुखपृष्ठ' किंवा 'अनटायटल्ड' अशी शीर्षके मिरवणारी पृष्ठे आजही सापडतात, त्यामुळे हा इशारा जुना झालेला नाही.

सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये गूगलच्या रचनेवर लिहिलेल्या शोधनिबंधात शीर्षकात आलेल्या शब्दांची नोंद साध्या मजकुरातील शब्दांपासून वेगळ्या, विशेष वर्गात ठेवल्याचे सांगितले आहे. शीर्षकाचे हे वजन लक्षात येताच त्यात शोधशब्द कोंबण्याची प्रथा पडली. अशी शीर्षके वाचकाला उद्देशून नव्हे तर यंत्राला उद्देशून लिहिलेली असतात, आणि वाचकाला ते लगेच कळते.

शोधयंत्राकडून होणारे बदल

लेखकाने दिलेले शीर्षक निकालात जसेच्या तसे दिसेलच असे नाही. गूगलने ऑगस्ट २०२१ मध्ये निकालांतील शीर्षके ठरवण्याची नवी पद्धत जाहीर केली. पुढील महिन्यात दिलेल्या माहितीनुसार सुमारे ८७ टक्के वेळा मूळ टायटल टॅगच वापरला जातो. उरलेल्या वेळी पृष्ठातील मथळा किंवा अन्य मजकूर घेतला जातो. शीर्षक अर्धवट असणे, त्यातील वर्ष कालबाह्य होणे, ते मजकुराशी न जुळणे, किंवा एकच ठोकळेबाज वाक्य अनेक पृष्ठांना लावलेले असणे ही अशा बदलाची प्रमुख कारणे आहेत.

लेखनपद्धती

देवगडच्या एखाद्या बागायतदाराचे विक्रीपृष्ठ उदाहरणादाखल घेता येईल. 'आंबा, हापूस, देवगड हापूस, रत्नागिरी हापूस, स्वस्त आंबा' या शीर्षकात शोधशब्द भरपूर आहेत, पण पृष्ठावर काय मिळेल ते कळत नाही. 'देवगड हापूस : ५ डझनांची पेटी, बागेतून थेट पुण्यात घरपोच' हे शीर्षक माल, परिमाण व ठिकाण तिन्ही सांगते. वेगळेपण सांगणारे शब्द आरंभी आणि संस्थेचे नाव शेवटी ठेवणे सोयीचे असते, कारण ओळ शेवटाकडून कापली जाते. त्याच बागेच्या आंबा पिकवण्याच्या पद्धतीवरील पृष्ठाला अर्थातच वेगळे शीर्षक हवे.

शीर्षक हे एक प्रकारचे आश्वासन असते. २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनानुसार हापूस हे नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील फळाशी जोडलेले आहे; अन्य ठिकाणच्या आंब्याला शीर्षकात हापूस म्हणणे ही केवळ शैलीची चूक राहत नाही. शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत जुन्या पृष्ठावर नवे वर्ष चिकटवून 'निकाल येथे पाहा' असे लिहिण्याचा प्रकारही याच जातीचा. ताटकळलेला विद्यार्थी पृष्ठ उघडतो आणि तिथे निकाल नसतोच.

मराठी पृष्ठांचे प्रश्न

युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटवर चालत. पृष्ठातील मजकूर त्या फाँटमुळे देवनागरीत दिसे. परंतु टायटल टॅगला पृष्ठाचा फाँट लागू होत नाही, त्यामुळे तोच मजकूर शीर्षकात टाकला की खिडकीच्या पट्टीवर रोमन चिन्हांची खिचडी उमटे. परिणामी मराठी पृष्ठाला इंग्रजी शीर्षक देण्याची सवय लागली. अडचण संपल्यावरही ती सवय काही ठिकाणी टिकून आहे.

लांबी मोजण्याचा घोळ अजून सुटलेला नाही. शीर्षक ५० ते ६० वर्णांचे असावे हा प्रचलित ठोकताळा रोमन लिपीवर बेतलेला आहे. 'महाराष्ट्र' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात मात्र काने आणि हलन्त धरून त्यात १० वर्ण आहेत. त्यामुळे वर्ण मोजणारी साधने छोटेखानी मराठी शीर्षकालाही लांब ठरवतात. गूगलने लांबीची कोणतीही मर्यादा घातलेली नाही. शीर्षक उपकरणाच्या रुंदीनुसार कापले जाते. म्हणून वर्णसंख्येपेक्षा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते कुठे तुटते हे प्रत्यक्ष पाहणे अधिक विश्वासार्ह.

अनेक वाचक शोधपेटीत मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात, म्हणून शीर्षकही रोमनमध्ये द्यावे असा सल्ला दिला जातो. गूगलच्या मार्गदर्शनानुसार शीर्षकाची भाषा व लिपी पृष्ठातील मुख्य मजकुराचीच असावी. तशी नसल्यास गूगल पर्यायी शीर्षक शोधू शकते.

सुलभता

वेब आशय सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत विषय वा हेतू सांगणारे शीर्षक ही प्राथमिक, म्हणजे 'ए' पातळीची अट आहे. पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला पृष्ठ उघडताच सहसा प्रथम शीर्षकच ऐकू येते. दहा टॅब उघडे असताना प्रत्येकावर केवळ संस्थेचे नाव असेल, तर हवे ते पृष्ठ ओळखण्याचा तिला दुसरा सोपा मार्ग उरत नाही.

शीर्षकात केलेली दुरुस्ती निकालांत लगेच दिसत नाही. शोधयंत्राने ते पृष्ठ पुन्हा वाचून आपली नोंद अद्ययावत करावी लागते, आणि त्यास काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो.