विश्लेषण : कोड बरोबर, तरीही हात लावताच बोर्ड ‘रीसेट’ का होतो?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो की शेतातली मोटार चालू-बंद करणारा घरी बनवलेला कंट्रोलर. सगळे सुरळीत सुरू असते. कुणीतरी खुर्चीवरून उठून बटणाला हात लावतो आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. मग रात्र-रात्र कोड तपासला जातो. मात्र हा प्रकार थंडीच्या कोरड्या दिवसांतच वाढत असेल, तर पहिला संशय स्थितिक विद्युतवर, म्हणजे ‘स्टॅटिक’वर घ्यायला हवा.

नेमके काय घडते?

स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच हा प्रकार. कोरड्या हवेत शरीरावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार सहज साठतो. झटका जाणवायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. त्याहून कमी भार बोटाला कळत नाही, पण चिपला कळतो. आयईसी ६१०००-४-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ८ हजार व्होल्टच्या स्पर्श-चाचणीत विद्युतप्रवाह सुमारे एका नॅनोसेकंदात ३० अँपिअरपर्यंत चढतो.

रीसेट पिनच का सापडतो?

या पिनवरचा व्होल्टेज खाली आला की चिप पुन्हा सुरू होते. तो वर धरून ठेवण्याचे काम ‘पुल-अप’ रेझिस्टर करतो. अर्दुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी चिपच्या आतला हा रेझिस्टर ३० ते ६० किलोओहमचा, म्हणजे पकड सैलच. घरी बनवलेल्या बोर्डवर फक्त त्याच्यावर भिस्त असेल आणि पिनला लांब वायर जोडली असेल, तर ती वायर अँटेनाचे काम करते.

कारण कसे शोधायचे?

रीसेट का झाला, याची नोंद चिप स्वतः ठेवते. एटीमेगा३२८पीमध्ये ‘एमसीयूएसआर’ रजिस्टर पाहावे. बाह्य पिनची खूण दिसली तर रीसेटची वायर संशयित, ‘ब्राउन-आउट’ असेल तर वीजपुरवठा. ‘वॉचडॉग’ म्हणजे प्रोग्राम अडकला होता. तोही कधी कधी स्टॅटिकमुळेच अडकतो. मात्र अर्दुइनोचा बूटलोडर ही नोंद आधीच पुसू शकतो. ईएसपी३२मध्ये ‘ईएन’ पिनमुळे झालेला रीसेटही ‘पॉवर-ऑन’ असाच दिसतो.

आणखी एक सोपी चाचणी आहे. बटण दाबण्याआधी प्रत्येक वेळी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा. रीसेट थांबले, तर कारण सापडले.

उपाय काय?

- रीसेट पिनवर १० किलोओहमचा पुल-अप आणि पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, चिपच्या अगदी जवळ. उनोवर मात्र या कपॅसिटरमुळे संगणकावरून प्रोग्राम चढवताना अडचण येऊ शकते.
- ईएसपी३२च्या ‘ईएन’ पिनवर १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड.
- हात लागणारी बटणे आणि कनेक्टर यांच्याजवळ टीव्हीएस डायोड.
- वायर आखूड, धातूच्या पेटीला अर्थिंग.

कोडमध्येही एक बदल हवाच. बोर्ड सुरू होताना रिले बंद राहावा आणि मोटार माणसाने आदेश दिल्यावरच चालू व्हावी. प्रयोगशाळेत रीसेटने फार तर गुण जातात. शेतात मोटारीजवळ कुणी काम करत असताना ती आपोआप सुरू झाली, तर जिवावर बेतू शकते.