व्रताच्या मापाचे फिरते घर

पूर्वी गावातून यात्रासंघ निघे, तेव्हा बैलगाडीत माणसांच्या आधी शिधा चढत असे. निवडलेले धान्य, घासूनपुसून ठेवलेली भांडी, पाणी गाळण्याचे दुहेरी वस्त्र आणि शुद्ध कपड्यांचे गाठोडे. मुक्कामी पोहोचल्यावर प्रथम चौका लागे, मग इतर व्यवहार सुरू होत. यात्रा ही घरच्या आचारातून मिळालेली सुटी नव्हती. तो आचार सोबत घेऊन केलेली वाटचाल होती.

आज रस्ते रुंद झाले, गाड्या वेगवान झाल्या; तरीही अनेक घरांत आजी-आजोबांचा यात्रेचा बेत ऐनवेळी मोडतो. अडचण अंतराची नसते. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, पाणी गाळलेले असेल का, कंदमूळ शिजलेल्या भांड्यात आपले अन्न शिजणार नाही ना, या प्रश्नांची उत्तरे महामार्गावरील उपाहारगृहाजवळ नसतात. मग आजी म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी घरूनच दर्शन घेते.’ श्रवणबेळगोळच्या भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक 2018 मध्ये झाला. बारा वर्षांच्या क्रमाने पुढील सोहळा 2030 मध्ये अपेक्षित आहे. ऐंशीच्या घरातील माणसाला ‘पुढच्या खेपेस पाहू’ असे सांगण्यासारखे ते अंतर नव्हे.

या अडचणीवर काही कुटुंबांना आता एक उपाय खुणावतो आहे. तो म्हणजे बंदिस्त व्हॅनच्या आत निजण्याची जागा, छोटा चौका आणि स्वाध्यायाचा कोपरा असलेले फिरते घर, म्हणजेच कॅम्पर व्हॅन. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याकडेही परिचित झाला. भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये आधी काय शिजले असेल हे सांगता येत नाही. म्हणून आचार पाळणाऱ्या घराचा ओढा स्वतःच्या गाडीकडे असणे स्वाभाविक आहे.

व्रत हाच आराखडा

परदेशी धर्तीच्या कॅम्परची चित्रे पाहिली, की मोठी पाण्याची टाकी, शीतपेटी, दूरदर्शन संच, उंची फर्निचर असे सारेच हवेसे वाटू लागते. श्रावकाने येथे थांबून आपल्या व्रतांची यादी समोर ठेवावी. नियम ही अडचण समजून गाडी आखली, तर ती महाग होते आणि शेवटी गैरसोयीचीच ठरते. नियम हेच माप धरले, तर ती हलकी व सुरक्षित होते.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे मानली जाते. उकळलेल्या पाण्याच्या मर्यादा परंपरेनुसार वेगळ्या आहेत. ज्या घरात हे पाळले जाते, त्याला चार दिवस पाणी साठवणाऱ्या शंभर लिटरच्या बंद टाकीचा उपयोग काय? त्यापेक्षा रुंद तोंडाची, आतून हात घालून घासता येणारी, रोज रिकामी करून सुकवता येणारी तीस-चाळीस लिटरची स्टीलची टाकी बरी. तिच्याशेजारी गाळण्याची जागा, वस्त्र वाळवण्याची दांडी आणि जीवाणी परत सोडण्यासाठी छोटी बादली असावी. सांडपाण्याचा डबाही रोज रिकामा व्हावा, तोही कोरड्या, मोकळ्या जागी. साचलेले पाणी म्हणजे जीवोत्पत्तीला आमंत्रण.

पिठाचेही तसेच. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची सांगितली आहे. म्हणजे पिठाचा डबा किती मोठा असावा, हे सुताराला विचारण्याची गरजच नाही. जेवणाऱ्यांची संख्या आणि दिवसांची मर्यादा यांचा गुणाकार केला, की फळीची खोली व उंची निश्चित होते.

खिडक्यांना आणि छतावरील पंख्याला बारीक जाळी, आत मंद पिवळा दिवा आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम, एवढे पाळले तर चौविहार सांभाळला जातो, दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकांची हिंसा कमी होते आणि रात्रीच्या महामार्गावरील अपघाताचा धोकाही टळतो. जिनवाणी व जपमाळेचा कोनाडा निजण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि पादत्राणांपासून दूर असावा. सामायिकाला बसता येईल एवढी मोकळी जमीनही आराखड्यातच राखावी. ती नंतर उरत नाही.

काट्यावर गाडी

व्यापाऱ्याच्या घराला वजनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे रिकामे वजन आणि कमाल भारित वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक हीच आपली पुंजी. त्यातून प्रथम माणसांचे वजन वजा करावे, मग पाण्याचे (एका लिटरला एक किलो), मग लाकडाचे. आठ बाय चार फुटांचा 18 मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता साधारण 30 ते 40 किलो भरतो, तर 12 मिलिमीटरचा 20 ते 25 किलो. घरातील कपाटासारखे जाड फर्निचर गाडीत बसवले, की पुंजी माणसे बसण्याआधीच संपते. म्हणून कप्प्यांना पातळ तक्ते, सांध्यांना ॲल्युमिनियमचे कोन आणि केवळ पलंगाला जाड फळी, असा हिशेब ठेवावा. जड वस्तू खाली, दोन्ही चाकांच्या आसांमध्ये आणि डावी-उजवी सारखी विभागून ठेवाव्यात. काम अर्धे झाल्यावर एकदा आणि पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा गाडी वजनकाट्यावर न्यावी. परिग्रह-परिमाण व्रताची इतकी रोकडी पावती क्वचितच मिळते.

घरची कार्यशाळा

पेढीमागील जुने गोदाम किंवा घरामागची पडवी कार्यशाळेला पुरते. हवा खेळती हवी, विजेला अर्थिंग हवे आणि 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी हवे. कामाचे मेज मनगटाच्या उंचीला, साधारण 85 ते 90 सेंटिमीटर असावे. हत्यारांची खरेदी एकदम करू नये. मोजपट्टी, गुण्या, पाणसळ, करवत, रंधा, दोन पटाश्या, चार शिकंजे, ड्रिल आणि जिगसॉ एवढ्यात बहुतेक काम होते. क्वचित लागणारे यंत्र भाड्याने आणावे. डोळ्यांना चष्मा, नाकाला धूळरोधक मुखपट्टी आणि भुसा रोज उचलण्याची शिस्त यांत सवलत नसावी. पहिले काही दिवस अनुभवी सुताराला सन्मानाने बोलवावे आणि घरातील मुलांनी त्याच्या हाताखाली शिकावे. मालाची पारख पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या घरातील मुलाला स्वतः रंधा मारताना प्रथमच कळते, की सरळ रेषेला किती कष्ट पडतात.

हत्यारे कुलपात ठेवण्यामागे लहान मुलांच्या काळजीइतकेच आणखी एक कारण आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितले आहे. इजा करू शकणारी साधने विनाकारण दुसऱ्याच्या हाती देणे हा त्यातील दोष. गल्लीत कोणीही मागितले म्हणून करवत देणाऱ्याने तो विचार करावा.

सामग्री निवडताना तर जागरूकता अधिकच हवी. सुतारांच्या जुन्या पद्धतीतील सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. त्याऐवजी कृत्रिम राळेचा गोंद घ्यावा. चपडीचे पॉलिश म्हणजे लाखेच्या किड्यांचा स्राव, आणि तो मिळवताना असंख्य जीव मरतात. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा समावेश आहे, हे येथे आठवावे. त्याऐवजी जवसाचे तेल किंवा पॉलियुरेथेन वापरता येते. रंगाचा कुंचलाही डुकराच्या केसांचा असू शकतो. दुकानदाराला विचारून कृत्रिम तंतूंचा घ्यावा. बैठकीला चामड्याऐवजी रेक्झिन, गादीला काथ्या किंवा कापूस. दमट जागेसाठी आयएस 710 चिन्हाचा प्लायवूड घ्यावा. किडलेले जुने लाकूड स्वस्त मिळाले तरी आणू नये, कारण ते कापताना आतील जीवही कापले जातात. पत्र्याच्या आतून उष्णतारोधक म्हणून नायट्राइल रबरचा फोम चिकटवावा. तत्पूर्वी कापलेल्या प्रत्येक कडेला गंजरोधक प्रायमर लावावा.

अग्नी आणि वीज

येथे चूक झाली, तर दुरुस्तीची संधी मिळत नाही. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून पाच किलोचे सिलिंडर उभे, पट्ट्याने बांधून, बाकीच्या गाडीपासून बंदिस्त अशा कप्प्यात ठेवावे आणि त्या कप्प्याच्या तळाशी थेट बाहेर उघडणारा झरोका असावा. नळी आयएसआय चिन्हाची असावी. गाडी चालू असताना शेगडी पेटवू नये, शिजवताना खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी सिलिंडरची कळ बंद करावी. दाराशी हात पोहोचेल असे दोन किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक हवेच.

‘इंडक्शन शेगडी घेऊ, वायूची कटकटच नको’ असे तरुण मंडळी म्हणतात. त्याचा हिशेब पाहावा. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत 1280 वॅट-तास ऊर्जा असते. 1500 वॅटची शेगडी ती तासाभराच्या आत संपवते. उलट दिवे, पंखा आणि फोन मिळून दिवसाला 400 वॅट-तास पुरतात, आणि ते छतावरील 200 वॅटचे सौरपटल स्वच्छ उन्हात सहज भरून काढते. म्हणून इंडक्शन वापरायची ती धर्मशाळेच्या विजेवर. बॅटरी दिव्या-पंख्यांसाठी राखावी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा आणि वायरची जाडी जाणकाराकडून ठरवून घ्यावी.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत. आसने काढणे, पत्रा कापणे, छत उंचावणे या बाबी त्यात येऊ शकतात. म्हणून रंधा हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आराखडा दाखवावा आणि विमा कंपनीची लेखी संमती घ्यावी. अन्यथा अपघाताच्या वेळी विम्याचा दावा नाकारला जाण्याची भीती राहते. मूळ आसने व पट्टे तसेच ठेवून, सहज काढता येणारे पलंग आणि पेट्या बनवणे हा तुलनेने निर्धोक मार्ग आहे. गाडी धावताना प्रत्येकाने आसनावर पट्टा बांधूनच बसावे. पलंगावर पहुडलेल्या आजी करकचून ब्रेक लागताच किती असुरक्षित असतात, हे सांगण्याची गरज नाही.

गाडी तयार झाली, की ‘रिकामी उभी असते, तर भाड्याने द्या’ असा सल्ला हमखास येतो. खासगी नोंदणीचे वाहन भाड्याने चालवणे कायद्याला मान्य नाही. कर्मादानांच्या यादीतही भाटककर्म, म्हणजे वाहने भाड्याने देऊन केलेली उपजीविका, वर्ज्य मानली आहे. येथे कायदा आणि आचार एकाच बाजूला उभे आहेत. नातलगांना, संघातील वृद्धांना विनामूल्य यात्रा घडवणे हाच रिकाम्या दिवसांचा उत्तम विनियोग.

अशी गाडी बांधायला काही महिने लागतात. त्या महिन्यांत घरात एक वेगळेच संभाषण सुरू होते. नातू आजींना विचारतो, पलंग किती उंच हवा? आजी खुर्चीवरून उठून दाखवतात आणि तो मोजपट्टी लावतो. त्यांचे गाळणे किती मोठे, त्यांची माळ कोठे लागते, त्या किती वाजता जेवतात, हे तो कदाचित प्रथमच लिहून घेतो. घरात जन्मभर पाळला गेलेला आचार अशा रीतीने पुढच्या पिढीच्या वहीत उतरतो. मग ‘मी घरूनच दर्शन घेते’ असे म्हणण्याची वेळ आजींवर येत नाही. त्यांचे घरच विंध्यगिरीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहते.