गोवा राज्य कधी झाले? कागद काय सांगतात

गोव्याच्या बाबतीत तीन तारखांची हमखास सरमिसळ होते : १९ डिसेंबर १९६१, १६ जानेवारी १९६७ आणि ३० मे १९८७. पहिली मुक्तीची, दुसरी जनमत कौलाची, तिसरी घटक राज्याची. तिन्हींची नोंद कायद्यांत, राजपत्रांत, संसदेतल्या चर्चांत आणि मतमोजणीच्या आकड्यांत आहे. तरीही आपण ऐकीव गोष्टींवरच भिस्त ठेवतो.

सर्वांत साधा गैरसमज म्हणजे, मुक्तीबरोबरच गोवा राज्य झाले. प्रत्यक्षात बाराव्या घटनादुरुस्तीने ‘गोवा, दमण व दीव’ हा केंद्रशासित प्रदेश झाला. दुरुस्ती १९६२ ची असली, तरी ती २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरली गेली. विधानसभा आली ती १९६३ च्या कायद्याने. तिच्या ३० निर्वाचित जागांपैकी २८ गोव्याच्या होत्या, दमण आणि दीवची एकेक. दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले.

दुसरा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे : १९६७ मध्ये गोवेकरांनी स्वतंत्र राज्याला कौल दिला. तो पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. संसदेने १९६६ मध्ये खास कायदा करून गोव्याच्या मतदारांना एवढेच विचारले, की महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाचे चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याचे दोन पाने. दमण आणि दीवपुढे महाराष्ट्राऐवजी गुजरातचा पर्याय होता. गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. या कौलाने घटक राज्याचा मार्ग खुला राहिला, हे खरे. पण राज्य मिळायला त्यानंतरही २० वर्षे गेली.

याच आकड्यांनी आणखी एक समजूत मोडते. हा लढा म्हणजे एकीकडे हिंदू आणि दुसरीकडे ख्रिस्ती, असे आजही सांगितले जाते. त्या काळी गोव्यात हिंदूंचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते आणि वैध मतांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक मते विलीनीकरणाच्या विरोधात गेली. हिंदू मतदारांचा लक्षणीय वाटा असल्याशिवाय हे गणित जुळणे कठीण आहे.

मराठी वाचकाने तर इथे जरा थांबून पाहावे. विलीनीकरणविरोधी प्रचाराचे एक प्रभावी साधन मराठी वृत्तपत्रच होते. मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ विलीनीकरणाच्या विरोधात होते आणि त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजले. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते. म्हणजे दोन्ही बाजूंचा वाद बराचसा मराठीतच लढला गेला. मराठी वाचणारा गोवेकर आपोआप विलीनीकरणवादी असणार, हे गृहीतक या दोन वृत्तपत्रांच्या अंकांपुढे टिकत नाही. माझ्या मते १९६७ समजून घेण्यासाठी पुढच्या कितीतरी भाषणांपेक्षा हे अंक जास्त मोलाचे आहेत.

‘राज्य होताच मराठीला बाहेर काढले’ ही तक्रारही तपासून घेतलेली बरी. राजभाषा विधेयक विधानसभेत मंजूर झाले ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, म्हणजे गोवा केंद्रशासित असतानाच. त्याने देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा ठरवली आणि सरकारी कामकाजात मराठीच्याही वापराची तरतूद केली. दमण आणि दीवसाठी त्यात गुजरातीचीही तरतूद आहे. हा कायदा राज्यस्थापनेच्या आधीचा आहे, याची खूण त्याच्या मजकुरातच आहे. मराठीला समान दर्जा हवा, ही मागणी वेगळी; ती मांडतानाही कायद्याचा मजकूर समोर असावा.

राज्य आले ते १९८७ च्या पुनर्रचना कायद्याने. गोवा २५ वे राज्य झाले, विधानसभा ४० जागांची झाली, राज्यसभेत गोव्याला एक जागा मिळाली. दमण व दीव वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहिला. उच्च न्यायालय मात्र मुंबईचेच राहिले.

राहिला गैरसमज अभिलेखागाराविषयीचा. पणजीचे अभिलेखागार म्हणजे फक्त पोर्तुगीज दफ्तर, असे अनेकांना वाटते. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोउतोच्या हाती सोपवलेल्या दफ्तराची ती परंपरा मोठीच आहे. पण १९६१ नंतरचे कागदही आता इतिहास झाले आहेत. कायदे आणि राजपत्रे सरकारदरबारी सांभाळली जातात. प्रचाराची पत्रके, सभांच्या जाहिराती, पक्षांची पत्रव्यवहाराची बाडे घराघरांत पडून असतात आणि त्यांना वाळवी लागते. आपल्या माळ्यावर अशी फूल किंवा दोन पाने छापलेली पत्रके असतील, तर ती रद्दीत घालू नका; दोन्ही बाजूंची पत्रके अभिलेखागाराकडे किंवा जवळच्या जुन्या ग्रंथालयाकडे सोपवा.