गोल्फच्या सरावांतील साधनें

मूल चालावयास शिकूं लागलें म्हणजे घरांतील वडील मंडळी त्याच्या हातीं पांगुळगाडा देतात. गाड्याच्या आधारानें मूल पावलें टाकतें, तोल सांवरतें, आणि एके दिवशीं तो गाडा कोपऱ्यांत जाऊन पडतो. तो कोपऱ्यांत पडला यांतच त्याच्या उपयोगाची पूर्तता असते. मूल मोठें झाल्यावरहि गाडा ओढीतच राहिलें, तर त्या गाड्यानें त्यास चालावयास शिकविलें असें कोणी म्हणणार नाहीं. गोल्फच्या सरावासाठीं आज जीं नाना प्रकारचीं साधनें बाजारांत मिळतात, त्यांची पारख याच कसोटीवर केली पाहिजे.

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. तेथील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ सालीं एका फेरीचे अठरा टप्पे ठरले आणि पुढें तीच संख्या जगभर रूढ झाली. आपल्या देशांत कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेर त्याच्या इतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाहीं. खेळाचें स्वरूप वरवर पाहतां अगदीं सोपें आहे. जमिनीवर स्वस्थ पडलेला चेंडू काठीनें मारीत मारीत दूरच्या खळगींत घालावयाचा, आणि तोहि शक्य तितक्या कमी फटक्यांत. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा व वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावें, असा नियम आहे. खळगीचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. खेळाडूनें जवळ बाळगावयाच्या काठ्या चौदांहून अधिक असूं नयेत. क्रिकेटमध्यें चेंडू फलंदाजावर धांवून येतो. येथें तो बापडा जागचा हललेलाहि नसतो. मग अडचण कसली, असा प्रश्न नवख्यास पडल्यावांचून राहत नाहीं.

अडचण आहे ती वेळेची आणि कोनाची. कसलेल्या खेळाडूची काठी वरून चेंडूपर्यंत येण्यास सुमारें पाव सेकंद लागतो, आणि काठी व चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. एवढ्या वेळांत चूक ओळखून ती दुरुस्त करणें मनुष्याच्या मज्जातंतूंस शक्य नाहीं. जें कांहीं व्हावयाचें तें आधींच्या संवयीनें होतें. आतां कोन पाहा. चेंडू नियोजित दिशेपासून अवघा एक अंश ढळला, तर २०० मीटरांवर तो साडेतीन मीटर बाजूस पडतो. खळगी केवळ तीन मीटरांवर असली, तरी सपाट भूमीवरहि चुकीस मुभा काय ती दोन्ही बाजूंस सुमारें एकेका अंशाची. म्हणजे या खेळांत यश हवें असेल तर डोळ्यांस न दिसणारी आणि हातांस न कळणारी चूक संवयींतूनच काढून टाकली पाहिजे.

आणि गोम नेमकी येथेंच आहे. मनुष्याच्या अंगास जें वाटतें आणि अंग प्रत्यक्षांत जें करतें, त्यांत पुष्कळदां अंतर असतें. खेळाडू लक्ष्याकडे कुशी करून उभा राहतो. त्याचे डोळे लक्ष्याच्या रेषेवर नसून तिच्या एका बाजूस असतात. आपण अगदीं सरळ उभे आहों अशी त्याची बालंबाल खात्री असते, आणि मागून पाहणारास मात्र त्याचे खांदे भलतीकडेच वळलेले दिसतात. म्हणून सरावाच्या साधनाचें पहिलें कर्तव्य बळ वाढविणें हें नव्हे, तर खरें सांगणें हें होय.

खरें सांगणारीं साधनें बहुधा स्वस्त असतात. त्यांतील पहिलें म्हणजे दोन सरळ काठ्या. एक चेंडूपासून लक्ष्याच्या दिशेनें व दुसरी तिला समांतर, पायांच्या बोटांसमोर, अशा त्या जमिनीवर ठेवाव्या. पूर्वी खेळाडू आपल्याच दोन क्लबांचा यासाठीं उपयोग करीत. आज बारीक, हलक्या कांबी मिळतात. काम तेंच. पहिल्या दिवशीं या काठ्यांमध्यें उभें राहणें पुष्कळांस वांकडें वाटतें. आपला सरळपणा वांकडा होता, एवढें त्यावरून कळतें, आणि तें कळणें हीच अर्धी सुधारणा होय.

दुसरें साधन म्हणजे पांढरी पूड. काठीच्या मुखावर कोरड्या पावडरीचा पातळ थर द्यावा आणि चेंडू मारावा. चेंडूचा ठसा मुखाच्या मध्यावर उमटला, टांचेकडे उमटला, कीं टोंकाकडे, हें तत्काळ दिसतें. चेंडू कमी दूर गेला म्हणजे नवखा खेळाडू अधिक जोर लावूं पाहतो. वस्तुतः उणीव जोराची नसून मध्य गांठण्याची असते. ठसा पाहिला म्हणजे हा भ्रम जातो.

तिसरें साधन खुंट्यांचें. चेंडू उंच ठेवण्यासाठीं 'टी' नांवाची जी लहान खुंटी वापरतात, तशा दोन खुंट्या जमिनींत रोवून त्यांचें एक दार करावें आणि त्यांतून काठीचें डोकें न अडखळतां नेण्याचा अभ्यास करावा. खळगीजवळच्या हळुवार फटक्यासाठीं हा अभ्यास फार उपयुक्त आहे. टायगर वुड्स याच्यासारखा अव्वल खेळाडूहि असें खुंट्यांचें दार मांडून सराव करीत आला आहे.

दुसऱ्या वर्गांतील साधनें चूक दाखवून थांबत नाहींत. तीं अंगास वळण लावूं पाहतात. कांखेंत दाबून धरलेला रुमाल पडला, तर हात धडापासून सुटले असें समजावें. मध्यें बिजागरी बसविलेली काठी झटक्यानें फिरविली कीं मोडून पडते, व तालांत फिरविली म्हणजे सरळ राहते. १९३४, १९३७ व १९४८ सालीं ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकणारा हेन्री कॉटन आपल्या शिष्यांस मोटारीच्या जुन्या टायरवर काठी मारावयास लावी. त्यायोगें मनगटें व पंजे बळकट होतात असें त्याचें मत होतें. अमेरिकेच्या बेन होगननें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत तर न विकत घेतां येणारें साधन सुचविलें. खेळाडूच्या मानेभोंवतीं काचेचें एक मोठें तिरपें तावदान असून तें खांद्यांवर टेकलें आहे, अशी कल्पना करावी आणि काठी वर नेतांना हात त्या कांचेस फोडून वर जाऊं देऊं नयेत. साधन केवळ कल्पनेचें, पण अनेक पिढ्यांनीं त्याचा लाभ घेतला.

तिसरा वर्ग मोजमापाच्या यंत्रांचा. त्यांचें मूळ शोधावयाचें तर एडिंबरोच्या विद्यापीठांत जावें लागतें. तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनीं १८९० नंतरच्या दशकांत गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणाचा अभ्यास केला. चेंडूस लांब फीत जोडून, फटक्यानंतर तिला किती पीळ बसले हें मोजून, त्यांनीं चेंडूची गिरकी ठरविली, आणि मागच्या बाजूस फिरणारी गिरकी चेंडूस हवेंत उचलून धरते हें दाखविलें. त्यांचा पुत्र फ्रेडरिक हा १८९६ व १८९८ सालीं हौशी खेळाडूंची अजिंक्यस्पर्धा जिंकला होता. बापानें गणितानें व मुलानें हातानें एकाच चेंडूचा असा पाठपुरावा करावा, हा योग विरळाच.

आज फितीच्या जागीं रडार आणि वेगवान कॅमेरे आले आहेत. फटक्याच्या क्षणीं काठीचा वेग किती, तिचा मार्ग कोणता, तिचें मुख कोठें वळलेलें, चेंडूची गिरकी किती, हें सर्व तीं यंत्रें आंकड्यांनीं सांगतात. त्यांनीं एक जुना गैरसमजहि दूर केला. चेंडू प्रथम काठीच्या मार्गानें निघतो व मागाहून मुखाच्या दिशेकडे वळतो, असें पुष्कळ पुस्तकांत दीर्घकाळ शिकविलें जात असे. वस्तुतः चेंडूच्या निघण्याची दिशा मुख्यत्वें मुखावर अवलंबून असते, आणि तो पुढें वळतो तो मुख व मार्ग यांच्या दिशांतील फरकामुळें. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. उजव्या हाताच्या नवख्या खेळाडूचा चेंडू बहुधा उजवीकडे वळत जातो. तो वळूं नये म्हणून तो काठी आणखी डावीकडे ओढतो. त्यामुळें मार्ग व मुख यांतील अंतर वाढतें आणि चेंडू अधिकच उजवीकडे वळतो. कारण चुकीचें समजलें म्हणजे मेहनतच कशी वैरीण होते, याचें हें उत्तम उदाहरण होय. अशा मनुष्यानें वर्षभर घाम गाळला तरी त्याचा दोष पक्का होण्यापलीकडे कांहीं साधावयाचें नाहीं.

येथवर साधनांचे गुण झाले. आतां त्यांतील धोका. लहान मूल कित्ता गिरवितें तेव्हां अक्षर सुरेख येतें. परंतु कित्ता काढून घेतल्यावर तें तसेंच येईल असा भरंवसा नसतो. शरीराच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर या तिघांनीं १९८४ सालीं हाच विचार शास्त्रीय भाषेंत मांडला. प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून चूक सांगितली गेली, तर त्या वेळेपुरती कामगिरी सुधारते. पण शिकणारा त्या सांगण्यावरच विसंबूं लागतो व स्वतःच्या अंगाचें ऐकावयाचें सोडून देतो. हा परिणाम सर्व प्रकारच्या कामांत सारखाच आढळत नाहीं, हें खरें. तथापि त्यांतील इशारा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. शी व मॉर्गन यांनीं १९७९ सालीं दाखविलें कीं, एकच कृति ओळीनें घोटण्यापेक्षां निरनिराळ्या कृति आलटून पालटून केल्या, तर सरावाच्या वेळीं चुका अधिक होतात, परंतु शिकलेलें अधिक टिकतें. १९९९ सालीं वुल्फ व तिच्या सहकाऱ्यांनीं गोल्फच्याच फटक्यावर प्रयोग केला. त्यांत आपल्या बाहूंकडे लक्ष देणाऱ्या नवख्यांपेक्षां काठीच्या झोंक्याकडे लक्ष देणारांचा नेम सरस ठरला.

यावरून एक तासाच्या सरावाची मांडणी सहज करतां येईल. प्रारंभीं काठ्या मांडून तीन चेंडू मारावे. मग काठ्या उचलाव्या आणि तीन चेंडू त्यांच्यावांचून मारावे. पावडरीचा ठसा पाहण्यापूर्वी तो कोठें उमटला असेल तें मनाशीं सांगावें व नंतर पाहावें. अंदाज व ठसा जुळूं लागले, म्हणजे अंगास स्वतःचें खरें कळूं लागलें असें समजावें. अखेरच्या वीस मिनिटांत कोणतेंहि साधन न घेतां, प्रत्येक चेंडूगणिक काठी व लक्ष्य बदलावें. कारण प्रत्यक्ष खेळांत एकाच जागेवरून एकच फटका पुन्हां पुन्हां मारण्याची सोय नसते. खळगीजवळचा अभ्यास एकाच चेंडूनें, निरनिराळ्या अंतरांवरून करावा. साधन विकत घेतेवेळीं तीन प्रश्न विचारावे. तें चूक दाखवितें कीं झांकतें? त्याच्या सहवासांत प्रत्यक्ष चेंडू मारतां येतो कीं नाहीं? आणि तें दूर केल्यावर मागें कांहीं उरतें काय? तिन्ही उत्तरें समाधानकारक नसतील, तर पैसे खिशांतच राहूं द्यावे.

खेळाचा कायदाहि याच बाजूचा आहे. फेरी सुरू झाल्यावर दिशा दाखविणारी कांब किंवा झोंका सुधारण्याचें उपकरण वापरण्यास मनाई आहे. २०१० सालीं अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत भरलेल्या स्त्रियांच्या स्पर्धेंत जूली इंकस्टर ही जुनी, नामांकित खेळाडू, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, आघाडीच्या जवळ होती. दहाव्या टप्प्यावर तिला सुमारें अर्धा तास खोळंबून राहावें लागलें. अंग गार पडूं नये म्हणून तिनें काठीवर वजनाचें कडें चढवून कांहीं झोंके घेतले. दूरचित्रवाणीवर तें कोणी पाहिलें, तक्रार झाली, आणि तत्कालीन नियमानुसार ती स्पर्धेंतून बाद ठरली. शिक्षा कठोर वाटेल. परंतु तीमागील तत्त्व स्पष्ट आहे. परीक्षेच्या दालनांत मार्गदर्शिका नेतां येत नाहीं.

आणि साधनांच्या अभावीं कोणाचें अडतें, असेंहि नाहीं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील पेद्रेन्या गांवचा सेव्हे बालेस्तेरोस हा लहानपणीं एकाच जुन्या काठीनें समुद्राच्या वाळूंत गोटे व चेंडू मारीत शिकला. एकाच काठीनें उंच, बुटका, लांब, आंखूड असे सर्व फटके काढण्याची पाळी आल्यानें त्याच्या हातांस जी कल्पकता आली, तिच्या बळावर त्यानें १९७९ ते १९८८ या काळांत पांच प्रमुख स्पर्धा जिंकल्या. आपल्याकडील एस. एस. पी. चौरसिया याचे वडील कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखीत. त्या मैदानाच्या आश्रयानें वाढलेल्या या मुलानें २००८ सालीं दिल्लीस भरलेली इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली, आणि पुढें २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंडियन ओपनचें विजेतेपद मिळविलें. खळगीजवळच्या नाजुक फटक्यांविषयीं त्याची विशेष ख्याति आहे.

या दोघांच्या उदाहरणावरून साधनें टाकाऊ आहेत असें अनुमान काढणें मात्र चूक ठरेल. वाळूवर पडलेला चेंडूहि एक शिक्षकच होता. तो प्रत्येक फटक्याचें उत्तर खरेंच देई. ज्यास असा एकांत, असा अवकाश आणि इतकीं वर्षें मिळत नाहींत, त्या सामान्य खेळाडूस दोन काठ्या व चिमूटभर पावडर हीं मोठा आधार देऊं शकतात. फक्त त्यानें एवढें विसरूं नये कीं, साधन चुकीकडे बोट दाखवितें. ती काढून टाकण्याचें काम खेळाडूच्याच हातांचें आहे.