जुन्या बुलेटचं कॅम टायमिंग

जुन्या ३५० सीसी ओतीव लोखंडी बुलेटमध्ये टायमिंग चेन नसते. उजव्या बाजूचं टायमिंग कव्हर काढलं की क्रँकशाफ्टचा छोटा पिनियन आणि इनलेट व एक्झॉस्टचे दोन वेगळे कॅम दिसतात, दातात दात अडकलेले. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदाच. गिअरांवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. त्या काळ्या तेलाखाली हमखास लपतात, म्हणून आधी रॉकेलने स्वच्छ पुसा. लगतच्या गिअरांच्या खुणा समोरासमोर आल्या की टायमिंग बसलं. एक दात जरी चुकला तरी गाडी कष्टाने सुरू होते, ओढत नाही, फटफटते. मग बिचाऱ्या कार्बोरेटरवर उगाच आळ येतो!

पिनियनचा नट उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर तो आणखी आवळेल.

कॅम बसवल्यावर टॅपेट बघा. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर: पुशरॉड बोटांनी सहज गरगर फिरावा, पण वर-खाली अजिबात हलू नये.

कव्हर लावण्यापूर्वी प्लग काढा, टॉप गिअर टाका, मागचं चाक हाताने फिरवून क्रँकचे दोन पूर्ण फेरे करा. कुठे अडकलं तर जोर लावू नका. खुणा पुन्हा तपासा. किक त्यानंतरच मारा.