कलम 101 आणि मन्सूऱ्याचा काझी

खिलाफत चळवळीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अली बंधू, छोटानी शेठ, मुंबईतली मध्यवर्ती समिती, गांधीजींचा पाठिंबा, सगळं आपल्या परिचयाचं. पण आपली ही कहाणी 3 मार्च 1924 पाशी थांबते. अंकाराच्या संसदेनं त्या दिवशी खलिफापदच रद्द केलं. पुढे अरबांनी या पोकळीचं काय केलं, हा प्रश्न माझ्या मागे वर्षानुवर्षं लागलेला आहे, आणि त्याचा शोध घेताना मी एका माणसापाशी अडकलो. अली अब्दुर राझिक, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मन्सूरा शहराच्या शरिया न्यायालयाचा काझी.

मक्केच्या शरीफ हुसेननी त्याच मार्चमध्ये स्वतःला खलिफा घोषित केलं. काही महिन्यांत इब्न सौदच्या फौजा मक्केत शिरल्या आणि तो दावा निकालात निघाला. आता इजिप्तचा राजा फुआद याच्या मनात खलिफापदाची वस्त्रं आपल्या अंगावर यावीत असं होतं, आणि अझहर या इस्लामी विद्यापीठाचे वरिष्ठ उलेमा, म्हणजे धर्मपंडित, कैरोत खिलाफत परिषद भरवायच्या तयारीला लागले होते. नेमकं अशा वेळी, एप्रिल 1925 मध्ये, अलीचं ‘अल-इस्लाम व उसूल अल-हुक्म’ (इस्लाम आणि शासनाची मूलतत्त्वं) हे छोटेखानी पुस्तक बाजारात आलं.

लेखक मिन्या प्रांतातल्या अबू जिर्जच्या बड्या जमीनदार घराण्यातला. अझहरची आलिम पदवी मिळवून तो ऑक्सफर्डला गेला. महायुद्ध सुरू झालं, तो परतला आणि 1915 मध्ये काझी झाला. प्रस्तावनेत तो सांगतो की त्याला न्यायदानाचा इतिहास लिहायचा होता. न्यायाचं मूळ सत्तेत आणि सत्तेचं मूळ खिलाफतीत, म्हणून त्यानं आधी खिलाफत हाती घेतली. मग त्याचं म्हणणं असं पडलं: खलिफा नेमलाच पाहिजे याला कुराणात आधार नाही, हदीसमध्येही नाही. पैगंबरांचं काम संदेश पोचवण्याचं होतं. पहिले खलिफा अबू बक्र यांच्यापासूनची राजवट ही राजकीय राजवट होती, आणि मुसलमानांना आपली शासनपद्धती अकलेनं, अनुभवानं ठरवायला मोकळीक आहे. हे धर्माबाहेर उभं राहून कोणी म्हटलं असतं तर एवढी खळबळ झाली नसती. हा माणूस अझहरचा होता, आणि अझहरच्याच शास्त्रार्थाच्या रीतीनं बोलत होता.

या पुस्तकावरून अझहरनं अलीवर खटला चालवला. 1972 मध्ये मुहम्मद इमारा यांनी हे पुस्तक त्या खटल्याच्या कागदपत्रांसह पुन्हा छापलं. माझं सारं कुतूहल त्या कागदपत्रांत गुंतलं. 12 ऑगस्ट 1925 रोजी शेखुल अझहर (अझहरचे प्रमुख) अबुल फझल अल-जिझावी आणि इतर 24 उलेमा निवाड्याला बसले. अली आत आला, त्यानं सलाम केला. कोणीही उत्तर दिलं नाही. सलामाचं उत्तर देणं हे मुसलमानाचं कर्तव्य मानतात, हे लक्षात घेतलं की त्या मौनाचं वजन कळतं.

आरोप सात होते. सहावा असा की, न्यायदान हे शरियानं नेमून दिलेलं धार्मिक पद आहे हे तो नाकारतो; म्हणजे दहा वर्षं काझीच्या गादीवर बसलेल्या माणसानं आपल्याच गादीचं पावित्र्य नाकारलं. निवाड्याचा आधार होता 1911 च्या अझहर कायद्यातलं कलम 101. आलिमाला न शोभणारं कृत्य घडलं, तर शेखुल अझहर 19 उलेमांच्या सहमतीनं त्याला उलेमांतून काढू शकतात. अलीचा युक्तिवाद होता की हे कलम वर्तनाला लागू आहे, मताला नाही. शिवाय 1923 च्या राज्यघटनेचं कलम 14 मतस्वातंत्र्याची हमी देत होतं. मंडळानं ऐकलं नाही. निकाल एकमतानं झाला आणि पदवीबरोबर नोकरीही गेली. माझ्या मते कायद्याच्या बाजूनं तो बरोबर होता.

पुस्तक मात्र निर्दोष नाही. मूळचे ट्युनिशियाचे विद्वान मुहम्मद अल-खिद्र हुसेन यांनी परिच्छेदागणिक खंडन लिहिलं. पैगंबरांच्या मदिनेत करवसुली होती, सैन्य होतं, निवाडे होते, मग ते राज्य नाही तर काय, या त्यांच्या प्रश्नापुढे अलीची बाजू लंगडी पडते. तो तिथे भाषेच्या आडोशाला जातो. पण खंडनाचं हे पुस्तक त्यांनी राजा फुआदला अर्पण केलं आहे, आणि ते अर्पणपत्र वाचून माझं मन खट्टू झालं.

पुढचं नाट्य मंत्रालयात घडलं. न्यायमंत्री अब्दुल अझीझ फहमी यांनी निकाल अमलात न आणता तो कायदेतज्ज्ञांच्या समितीकडे पाठवला. राजानं त्यांना बडतर्फ केलं. त्यांच्या उदारमतवादी घटना पक्षाचे इतर मंत्रीही बाहेर पडले आणि आघाडी मोडली. देशाचे लाडके नेते सअद झगलूल यांनी खाजगीत पुस्तकाचा निषेधच केल्याचं त्यांच्या सचिवाच्या आठवणींत आहे. राजाच्या मनमानीशी झुंजणारा हा नेता इथे राजाच्याच बाजूला दिसतो, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

मे 1926 मध्ये कैरोत खिलाफत परिषद भरली आणि खलिफा न निवडताच उठली. फुआदचं स्वप्न संपलं.

अलीचे थोरले बंधू मुस्तफा 1945 मध्ये स्वतः शेखुल अझहर झाले. त्या दशकात अलीलाही उलेमांत परत घेतलं गेलं, आणि 1948 मध्ये तो औकाफ (धार्मिक देणग्या) खात्याचा मंत्री झाला. 1966 मध्ये वारला तोवर त्यानं ते पुस्तक पुन्हा छापलं नाही. पण 1947 मध्ये त्याचं दुसरं पुस्तक आलं होतं, इज्मा या विषयावर, म्हणजे धर्मपंडितांच्या एकमतावर. 1925 च्या आरोपपत्रातला पाचवा आरोप इज्मा नाकारल्याचाच होता.