ख्रिस्ती आशा (भय व मृत्यू यांच्या संदर्भात)

ख्रिस्ती आशा : येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवून, मृत्यूमुळेही ईश्वर व मनुष्य यांचा संबंध तुटत नाही या विश्वासाने जगण्याची आणि मरणास सामोरे जाण्याची वृत्ती. ख्रिस्ती धर्मशास्त्रात श्रद्धा, आशा व प्रीती हे तीन ईश्वराभिमुख सद्‌गुण मानले जातात. सेंट पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १३) या तिहींचा एकत्र निर्देश आहे. त्यांपैकी आशेचा संबंध भविष्याशी, विशेषतः मनुष्याच्या अंतिम गतीशी येतो. व्यवहारात आशा म्हणजे इष्ट गोष्ट घडेल अशी अपेक्षा. रोगी बरा होईल, पाऊस वेळेवर पडेल, असे वाटणे. ख्रिस्ती आशा ही या अर्थाने अनुकूल अंदाज नव्हे. रोगी दगावला म्हणजे व्यावहारिक आशा संपते. ख्रिस्ती आशेची खरी कसोटी मात्र तेथूनच सुरू होते.

बायबलमधील आधार : जुन्या करारातील प्राचीन भागांत मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी फारसे स्पष्ट विवेचन नाही. मृतांचे स्थान ‘शेओल’ या नावाने ओळखले जाई व ते अंधाराचे आणि मौनाचे मानले जाई. स्तोत्रसंहितेतील तेविसाव्या स्तोत्रात मृत्युच्छायेच्या दरीतून जातानाही मेंढपाळरूपी ईश्वराची सोबत असते, हा विचार आलेला आहे. तेथे दरी टळण्याचे आश्वासन नाही, सोबतीचे आहे. मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना दानीएलच्या ग्रंथात (अध्याय १२) स्पष्टपणे दिसते.

नव्या करारात येशूच्या स्वतःच्या मृत्यूचे वर्णन करताना भय लपविलेले नाही. अटक होण्यापूर्वी गेथशेमाने बागेत तो अत्यंत व्याकूळ झाला व दुःखाचा हा प्याला टळावा, अशी प्रार्थना त्याने केली. मात्र अखेरीस ईश्वराच्या इच्छेस मान तुकविली. लाजरसच्या कबरीपाशी तो रडला. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलेले आर्त उद्‌गार बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. म्हणून भय वाटणे किंवा शोक करणे हे ख्रिस्ती दृष्टीने श्रद्धाहीनतेचे लक्षण ठरत नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ४) पॉलने मृतांसाठी शोक करू नये असे म्हटलेले नाही. आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नये, एवढेच त्याचे सांगणे आहे.

या आशेचा पाया पुनरुत्थान हा होय. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल, तर श्रद्धा व्यर्थ आहे, असा रोखठोक युक्तिवाद पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात केला आहे. पेरलेले बी आणि त्यातून उगवणारे रोप या दृष्टांताने त्याने मर्त्य देह व पुनरुत्थित देह यांतील संबंध स्पष्ट केला. देह हे आत्म्याचे बंदिगृह असून मृत्यू म्हणजे त्यातून सुटका, ही प्लेटोप्रणीत ग्रीक कल्पना. ख्रिस्ती विचारात मृत्यू हा मित्र नसून शत्रू आहे आणि तो पराभूत होणार आहे. पुनर्जन्माच्या भारतीय कल्पनेहूनही ही भूमिका वेगळी आहे. येथे प्रत्येक मनुष्यास एकच ऐहिक जीवन असते व त्याचा निवाडा ईश्वराच्या हाती असतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ६) आशेला जिवाच्या नांगराची उपमा दिलेली आहे. रोमजवळील भुयारी दफनभूमींत प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर नांगराचे चिन्ह कोरलेले आढळते.

तात्त्विक विवेचन : सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने श्रद्धा, आशा व प्रीती यांवर एक पुस्तिका लिहिली. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याच्या मते आशेचा विषय इष्ट, भविष्यकालीन, प्राप्त करण्यास कठीण आणि तरीही शक्य असा असावा लागतो. आशेच्या विरोधी दोन दोष त्याने सांगितले : निराशा आणि धार्ष्ट्य. ईश्वराचे साहाय्य मिळणारच नाही असे मानणे ही निराशा, तर स्वतः काहीही न करता ते मिळेलच असे गृहीत धरणे हे धार्ष्ट्य. पहिल्यात मनुष्य खचतो, दुसऱ्यात तो बेफिकीर बनतो. भयाच्या प्रसंगी दोन्ही दोष सारखेच घातक ठरतात, हे साथींच्या इतिहासावरून दिसून येते.

साथींच्या काळातील आविष्कार : तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात पसरलेल्या महामारीच्या वेळी कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृ. २५८) याने मृत्यूविषयी एक प्रबंध लिहिला. ख्रिस्ती लोकही इतरांप्रमाणेच रोगाला बळी पडतात, मग श्रद्धेचा लाभ काय, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले. श्रद्धा रोगापासून संरक्षण देत नाही; रोग्यांची सेवा कोण करतो याची परीक्षा महामारी घेते, असा त्याच्या प्रतिपादनाचा एक महत्त्वाचा भाग आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशिअस याने रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः मरण पावलेल्या ख्रिस्ती लोकांचा वृत्तांत लिहिला असून तो युसीबिअसच्या चर्चच्या इतिहासात जतन झाला आहे.

१५२७ मध्ये व्हिटेनबर्ग येथे प्लेग आला असता मार्टिन ल्यूथर शहर सोडून गेला नाही. प्राणघातक साथीपासून पळून जावे काय, या प्रश्नावर त्याने त्याच वर्षी एक पत्ररूप पुस्तिका लिहिली. धर्मोपदेशक, अधिकारी, वैद्य व रोग्यांची जबाबदारी असलेले नातलग यांनी स्थान सोडू नये. ज्यांच्यावर असे कर्तव्य नाही, त्यांनी दूर जाण्यात पाप नाही, असे त्याने म्हटले. औषध न घेणे, संसर्गाची काळजी न बाळगणे हे धैर्य नसून ईश्वराची परीक्षा पाहणे होय, असेही त्याने बजावले. अक्वायनसने सांगितलेल्या धार्ष्ट्याच्या दोषाचेच हे व्यावहारिक विवेचन म्हणता येईल.

महाराष्ट्रातील परंपरा : मराठीत या विषयाची विस्तृत मांडणी प्रथम फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराण या ग्रंथात झाली. गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथात सुमारे ११,००० ओव्या असून त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे जीवन, दुःखभोग व पुनरुत्थान यांचे कथन आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांना परिचित छंदातून मृत्यूवरील विजयाची कथा सांगितली गेल्यामुळे ती विचारसरणी मराठी मनास परकी राहिली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ व प्लेग यांमुळे मृत्यूचा अनुभव सार्वत्रिक झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात भटकंती करताना त्यांचे आईवडील व थोरली बहीण अल्पावधीत निवर्तली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी मरण पावले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने मरणाच्या दारी असलेल्या शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे शक्य नसल्याने केडगाव (जि. पुणे) येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. त्यातूनच मुक्तिसदन ही संस्था उभी राहिली. तेथे भजन-प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम, छपाई इ. कामे शिकविली जात. उपासमारीत आप्त गमावलेल्या स्त्रीने उपासमारीतील मुलींना आसरा द्यावा, यात ख्रिस्ती आशेचा विधायक अर्थ स्पष्ट होतो. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या व कार्याची उत्तराधिकारी मनोरमा हिचे निधन झाले. त्यानंतरही रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निधन पावल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अभंग, भजन व कीर्तन या वारकरी परंपरेतील रूपांचा त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी उपयोग केला. त्यामुळे ख्रिस्ती आशेला मराठीत सिद्धांताऐवजी भक्ताच्या जिव्हाळ्याची भाषा लाभली. मृत्यूनंतरच्या न्यायापेक्षा प्रभूच्या सान्निध्याची ओढ तीत अधिक आढळते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी स्मृतिचित्रे (१९३४–३६) या आत्मचरित्रात अहमदनगर येथील प्लेगचे दिवस व रोग्यांची शुश्रूषा यांविषयी लिहिले आहे. आपली भीती न लपविता, पुष्कळदा स्वतःकडेच विनोदाने पाहत त्यांनी हे कथन केल्यामुळे श्रद्धा आणि भय एकाच मनात कसे नांदतात, याचे ते मराठीतील एक विश्वसनीय चित्रण ठरते. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी त्यांच्या पश्चात पुढे नेले. पतिवियोगानंतर ख्रिस्तकथेचे लेखन चालविणे हाही आशेचाच एक आविष्कार म्हणता येईल.

वैद्यकीय सेवेच्या क्षेत्रात विल्यम वॉन्लेस यांनी मिरज येथे १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाचा निर्देश करावा लागतो. मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री (मृ. १८९१) यांनी वसविलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांना ऐहिक प्रतिष्ठेचाही अनुभव आला. अर्थात, मृत्यूच्या छायेतील सेवा ही ख्रिस्ती समाजाचीच मिरास नव्हे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मरण आले, त्यामागील प्रेरणा सत्यशोधक विचारांची होती. ख्रिस्ती विचारवंतांचा दावा सेवेच्या मक्तेदारीचा नसून, त्यांच्या बाबतीत सेवेचे मूळ पुनरुत्थानावरील श्रद्धेत आहे, एवढाच आहे.

अंत्यविधी : देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेमुळे ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा रूढ झाली. रोमन कॅथलिक पंथात मरणोन्मुख व्यक्तीस तैलाभ्यंग व प्रभुभोजन देतात. मृतात्म्यांच्या शुद्धीसाठी प्रार्थना करतात आणि २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणार्थ पाळतात. प्रॉटेस्टंट पंथांना शुद्धिस्थानाची कल्पना मान्य नाही. त्यांच्या अंत्योपासनेत शास्त्रवाचन व शोकाकुलांचे सांत्वन यांवर भर असतो. देह दफन केला काय किंवा दहन केला काय, ईश्वराच्या सामर्थ्यास त्यामुळे मर्यादा पडत नाही, हा विचार कालांतराने मान्य झाला. ना. वा. टिळकांच्या पार्थिवाचे १९१९ मध्ये त्यांच्या इच्छेनुसार दहन करण्यात आले. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनावरील बंदी शिथिल केली. तथापि दफनासच प्राधान्य दिले आणि २०१६ च्या निर्देशानुसार रक्षा विखरून टाकण्यास मनाई आहे.

आधुनिक विचार : परलोकाची आशा मनुष्याला इहलोकातील अन्याय निमूटपणे सोसावयास लावते, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकात लूट्‌व्हिख फॉइरबाख व कार्ल मार्क्स यांच्या विचारसरणीतून पुढे आला. परलोकातील सुखाचे आश्वासन देऊन गप्प बसविण्यासाठी धर्माचा उपयोग जेथे झाला, तेथे हा आक्षेप यथार्थ आहे. त्याला प्रभावी उत्तर देण्याचा प्रयत्न जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांनी केला. १९४३ मध्ये हँबर्गवरील बाँबवर्षावात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला. पुढे त्यांनी युद्धकैदी म्हणून काही वर्षे काढली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशेच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथात, ख्रिस्ती आशा मनुष्यास वस्तुस्थितीशी तडजोड करू देत नाही, उलट अन्यायाविषयी अस्वस्थ करते, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढील ग्रंथात त्यांनी वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या दुःखावर भर दिला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये आशेवर परिपत्रक काढले.

२०२० मधील कोविड-१९ च्या साथीत ईस्टरच्या उपासना जगभर बहुतांशी बंद चर्चमध्ये झाल्या. एकत्र न येणे हीच त्या वेळी शेजाऱ्यावरील प्रीती ठरली, आणि ल्यूथरच्या १५२७ मधील पत्राचे अनेकांनी नव्याने वाचन केले. सिप्रियनपासून केडगावपर्यंतची उदाहरणे पाहता, ख्रिस्ती आशा ही भयाचा अभाव नाही व मृत्यू टळेल याची हमीही नाही. मृत्यूला अखेरचा शब्द मिळणार नाही, अशी तिची श्रद्धा आहे. आणि त्या श्रद्धेचा बाह्य पुरावा, ती असेल तेथे, मरणाऱ्यांच्या उशाशी थांबणाऱ्या माणसांत शोधावा लागतो.